दिव्यावरचा भुंगेरा आणि चाळकेवाडीचा सरडा

वाचकांचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे प्राण्यांच्या वागण्याविषयीची पत्रे वाढतात, कारण याच दिवसांत शेतात, माळावर आणि घराच्या ओसरीवर त्यांची हालचाल आपल्या नजरेत भरते. या महिन्यात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. विषय निरनिराळे असले, तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच शंका आहे : प्राणी एखाद्या गोष्टीला प्रतिसाद देतो, तो तिचा अर्थ कळून देतो की केवळ एका खुणेला देतो?

प्रश्न : आमच्या उसाला दरवर्षी हुमणी लागते. वळवाचा मोठा पाऊस झाला की संध्याकाळी भुंगेरे कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात आणि आम्ही लावलेल्या प्रकाश सापळ्यात शेकड्यांनी पडतात. घातक सवयी नैसर्गिक निवडीने नाहीशा होतात, असे मुलाच्या पुस्तकात वाचले. मग दिव्यावर जाऊन मरण्याची ही सवय आजवर टिकली कशी?
— एक ऊस उत्पादक, वाळवा तालुका

उत्तर : पुस्तकातील विधान बरोबर आहे, फक्त ते अपुरे आहे. ज्या परिस्थितीत एखाद्या जातीच्या असंख्य पिढ्या जगल्या, त्या परिस्थितीत उपयोगी ठरलेले वागणे नैसर्गिक निवडीमुळे टिकते. परिस्थिती अलीकडे बदलली असेल, तर वागणे जुनेच राहते आणि त्याचा परिणाम मात्र उलटा होतो.

भुंगेऱ्याचे जमिनीतून बाहेर येणे आधी पाहू. हुमणीची अळी कित्येक महिने जमिनीत मुळे खात राहते, पुढे कोषात जाते, आणि तयार झालेला भुंगेरा पहिल्या जोरदार पावसापर्यंत मातीतच थांबतो. माती भिजली की अंधार पडताना तो वर येतो. आपल्या अळ्यांना मऊ माती आणि कोवळी मुळे मिळतील, असा विचार तो करत नाही. ओल ही त्याच्यासाठी खूण आहे. ओलीआधीच बाहेर पडणाऱ्यांची अंडी कोरड्या ढेकळांत वाया जाणार आणि ओलीची वाट पाहणाऱ्यांची प्रजा वाढणार, हे वर्षानुवर्षे घडत राहिले की ओलीला प्रतिसाद देणारेच मागे उरतात. दोन-तीन दिवसांच्या आत सगळ्या शिवारातील भुंगेरे एकदम दिसतात, याचे कारणही हेच आहे. एकाच खुणेला सर्वजण उत्तर देत असतात आणि त्यामुळे नर-मादीची गाठही पडते.

आता दिव्याविषयी. कीटक प्रकाशाकडे ओढले जातात असे आपण म्हणतो, पण २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने या समजुतीला चांगलाच धक्का दिला. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवतीच्या कीटकांचे उड्डाण टिपल्यावर असे दिसले की अनेक गणांतील कीटक दिव्याकडे सरळ झेपावतच नाहीत, ते आपली पाठ, म्हणजे अंगाची वरची बाजू, दिव्याच्या दिशेला ठेवतात. लक्षावधी वर्षे रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा उजळ होते, म्हणून उजेड ज्या बाजूला ती बाजू वरची, ही खूण उडणाऱ्या लहान जीवाला तोल सांभाळण्यासाठी पुरेशी होती. दिवा बाजूला असला की तीच खूण चुकीची दिशा दाखवते, कीटक अंग कलते करून दिव्याभोवती घिरट्या घेत राहतो, आणि दिव्याच्या वरून जाताना तर उलटा होऊन कोसळतो. सापळ्यातील पाण्यात पडणारा कीटक मरणाच्या ओढीने आलेला नसतो. तोल सांभाळण्याचा जो प्रतिसाद त्याच्या पूर्वजांना दर रात्री वाचवत होता, तोच त्याला तेथे आणून सोडतो.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भागही महत्त्वाचा आहे. दिव्यांनी कीटक मरत राहिले, तर पुढे ही सवय कमी होईल का? होऊ शकते. युरोपात बाझल शहराच्या परिसरातील एका लहान पतंगावर झालेले काम २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. शहरी दिव्यांत पिढ्या काढलेल्या आणि अंधाऱ्या भागातील अशा दोन्ही ठिकाणच्या अळ्या आणून त्या एकाच जागी, सारख्याच स्थितीत वाढवल्या, आणि तयार झालेले पतंग दिव्यासमोर सोडले. शहरी वंशाच्या पतंगांचे दिव्याकडे जाणे सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. या पतंगांनी स्वतः पूर्वी दिवा पाहिलेला नव्हता, त्यामुळे हा फरक अनुभवातून आला असे म्हणता येत नाही. तो वारशाने आला. हा प्रयोग लक्षात ठेवावा, शेवटच्या पत्राच्या उत्तरात त्याची पुन्हा गरज पडणार आहे.

तुमच्या शिवारापुरते सांगायचे तर सापळा पावसानंतरच्या पहिल्या काही संध्याकाळी, अंधार पडल्यानंतरच्या तास-दोन तासांत आणि कडुनिंब-बाभळीच्या जवळ लावल्यास अधिक उपयोग होतो. एकट्या शेतकऱ्याने लावण्यापेक्षा सगळ्या शिवाराने एकाच वेळी लावावा. तो रात्रभर चालू ठेवू नये, कारण मित्रकीटकांचाही तोल त्याच दिव्याने जातो.

प्रश्न : शाळू चिकात आला की भोरड्यांचे आणि चिमण्यांचे थवे उतरतात. बुजगावणे उभे केले की चार दिवस पाखरे लांब राहतात, पाचव्या दिवशी त्याच्याच खांद्यावर येऊन बसतात. इतक्या लवकर पक्ष्यांची उत्क्रांती होते का?
— खटाव तालुक्यातील एक वाचक

उत्तर : नाही, ही उत्क्रांती नव्हे. उत्क्रांतीसाठी पिढ्या जाव्या लागतात. पाचव्या दिवशी खांद्यावर बसणारी पाखरे पहिल्या दिवशी घाबरलेलीच आहेत. येथे घडते ते शिकणे आहे, आणि शिकण्याचा हा सर्वांत साधा प्रकार आहे. एखादे उद्दीपक, म्हणजे प्रतिसाद जागवणारी खूण, पुन्हा पुन्हा समोर आले आणि त्याच्यामागून काहीच वाईट घडले नाही, तर त्याला दिलेला प्रतिसाद हळूहळू मंदावतो. यालाच सरावणे म्हणतात. ही क्षमता मेंदू मोठा असलेल्या प्राण्यांपुरती नाही. समुद्रातील एका गोगलगायीसारख्या प्राण्याच्या अंगाला हलका स्पर्श केला की तो आपले कल्ले आत ओढतो, आणि तोच स्पर्श वारंवार केला की ओढणे कमी होते; या सरावाच्या वेळी मज्जापेशींच्या जोडांमध्ये नेमके काय बदलते, ते एरिक कँडेल यांनी उलगडले. स्मरणशक्तीवरील अशा कामासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही नैसर्गिक निवडीचा येथे काही संबंध नाही, असे मात्र समजू नये. ज्वारीच्या हलणाऱ्या प्रत्येक ताटाला, फडफडणाऱ्या प्रत्येक पानाला भिऊन उडणारे पाखरू उपाशी मरेल, आणि कशालाच न भिणारे पाखरू पहिल्याच ससाण्याच्या तावडीत सापडेल. प्रथम भिणे आणि मग निरुपद्रवी वस्तू ओळखून भीती सोडणे, ही दोन्ही अंगे असलेली पाखरे टिकली. सरावण्याची ताकद वारशाने आलेली आहे. कशाला सरावायचे, ते तुमच्या रानात शिकले जाते. भोरडी तर मध्य आशियाकडून हिवाळ्यापुरती आपल्याकडे येते, दर मुक्कामी नवे रान, नवे राखणदार. अशा पक्ष्याला जे शिकता येणार नाही ते पोट भरू देणार नाही.

म्हणून बुजगावणे एका जागी ठेवू नये. त्याची जागा आणि कपडा दर दोन दिवसांनी बदलावा, आणि अधूनमधून माळ्यावरून गोफणीचा दगड खरोखर सुटावा. भीतीच्या खुणेमागे कधीतरी खरा धोका आला, तरच ती खूण पाखरांसाठी जिवंत राहते. आमच्या आजोबांच्या पिढीतील राखणदार डबा सतत न बडवता थवा वळताना दिसला की मगच बडवत, हे त्यांचे शहाणपण या शास्त्राशी पूर्ण जुळते.

प्रश्न : पुंगीच्या सुरावर नाग डोलतो ते संगीत ऐकून का?
— एक विद्यार्थिनी, शिराळा

उत्तर : नाही. सापाला बाहेरचा कान नसतो आणि कानाचा पडदाही नसतो. जमिनीतून येणारी कंपने त्याच्या जबड्याच्या हाडांवाटे आतल्या कानापर्यंत पोहोचतात, आणि हवेतून येणारे काही खालच्या पट्टीचे आवाजही त्याला जाणवतात. पण पुंगीसमोर तो डोलतो तो तिच्या हालचालीमुळे. समोर हलणारी वस्तू त्याला धोका वाटते, म्हणून तो फणा काढतो आणि तिच्यावर नजर ठेवत अंग त्या दिशेने वळवत राहतो. फणा काढणे ही धमकी आहे. विष तयार करायला शरीराला खर्च येतो आणि चावण्याइतके जवळ जाण्यात स्वतःचाही जीव धोक्यात येतो, म्हणून समोरच्याने माघार घ्यावी असा इशारा आधी देणे नागाच्या फायद्याचे ठरले. आपण ज्याला डोलणे म्हणतो ती भ्यालेल्या जनावराची सावध अवस्था असते. तुमच्या गावात नागपंचमीचे महत्त्व मोठे आहे, म्हणून हे आवर्जून लिहीत आहे : दूध हे सापाचे अन्न नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नागाला संरक्षण दिलेले आहे.

प्रश्न : आम्ही मधपेट्या ठेवतो. माणसाला डंख मारणारी माशी स्वतः मरते. जी मरते तिला पुढची पिढी नाही, मग मरण्याचा गुण पुढे जातो कसा?
— एक मधपाळ, महाबळेश्वर तालुका

उत्तर : मांघरला मधाचे गाव म्हणून ओळख मिळालेल्या तालुक्यातून हा प्रश्न यावा याचा आनंद आहे, कारण खुद्द चार्ल्स डार्विन यांना या प्रश्नाने अस्वस्थ केले होते. १८५९ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी प्रजा न देणाऱ्या कामकरी कीटकांचा उल्लेख आपल्या उपपत्तीपुढील एक विशेष अडचण म्हणून केला, आणि निवड एका जीवाप्रमाणे कुटुंबावरही लागू होते, अशी तिची दिशाही दाखवली. या विचाराला गणिताचा पाया १९६४ मध्ये विल्यम हॅमिल्टन यांनी घातला. एखादा गुण पुढच्या पिढीत किती उतरतो, हे पाहताना केवळ त्या जीवाची स्वतःची पिल्ले मोजून भागत नाही; त्याच्या वागण्यामुळे वाचलेल्या नातलगांची पिल्लेही मोजावी लागतात, कारण त्या नातलगांमध्येही तोच वारसा वाटलेला असतो.

तुमच्या पेटीतील कामकरी माशी साधारणपणे प्रजा देतच नाही. तिचा वारसा पुढे जाण्याचा एकच रस्ता आहे, आणि तो म्हणजे तिची आई असलेली राणी आणि तिच्या पोटी होणाऱ्या नव्या राण्या व नर. पोळे लुटले गेले तर हा रस्ताच बंद होतो. अशा स्थितीत मध आणि अळ्या पळवायला आलेल्या सस्तन प्राण्याला पिटाळताना काही कामकरी माशा गेल्या, तरी पोळ्याचा हिशेब नफ्यातच राहतो. नांगीला मागे वळलेले काटे असतात, त्यामुळे ती आपल्या लवचिक कातडीत रुतून तुटते आणि माशी उडून गेल्यावरही विष सोडत राहते. दुसऱ्या कीटकाला डंख मारताना नांगी सहसा अशी अडकत नाही, आणि तेव्हा माशी मरतही नाही.

डंखाबरोबर सुटणारा वासही असाच एक उद्दीपक आहे. पिकलेल्या केळ्यासारखा तो वास आला की इतर माशा त्याच जागी धावतात, म्हणून एक डंख बसल्यावर हात झटकत तेथेच उभे राहू नये. धुराडे वापरल्याने हा वास झाकला जातो, आणि शिवाय धुराला उत्तर म्हणून माशा मध पोटात भरून घेऊ लागतात. वणव्याच्या वेळी घर सोडावे लागेल, या परिस्थितीत उपयोगी पडलेले ते वागणे असावे. कड्यावरच्या आग्या माशांकडे तर याहून वेगळे साधन आहे. गांधीलमाशी पोळ्याजवळ आली की पृष्ठभागावरील शेकडो माशा एकामागून एक पोट उचलतात आणि पोळ्यावरून लाट सरकल्यासारखी दिसते. एकही माशी न गमावता शत्रू पुष्कळदा मागे फिरतो. घाटात उभे राहून ही लाट लांबूनच पाहावी, जवळ जाऊ नये.

प्रश्न : कावळा इतका हुशार असूनही कोकिळेचे पिल्लू वाढवतो, हे कसे?
— एक शिक्षिका, कराड

उत्तर : कोकिळेचे परभृत, म्हणजे दुसऱ्याने पोसलेला, हे जुने नावच सांगते की आपल्या लोकांनी हे वागणे फार पूर्वी टिपलेले आहे. कावळ्याची हुशारी खरी आहे, पण ती अन्न शोधण्यात आणि धोका ओळखण्यात दिसते. घरट्यातील वागणे मात्र ठरावीक खुणांवर चालते : घरट्यात अंडे आहे तर उबवायचे, चोच वासून ओरडणारे पिल्लू आहे तर भरवायचे. कोकिळेचे अंडे कावळ्याच्या अंड्यापेक्षा लहान असले, तरी निळसर-हिरव्या रंगावरचे तपकिरी ठिपके पुष्कळ मिळतेजुळते असतात. शिवाय ते कमी दिवसांत फुटते, त्यामुळे कोकिळेचे पिल्लू आधी बाहेर येते आणि भरवण्यात त्याला पुढावा मिळतो.

कावळ्याने संशयित अंडे टाकून का देऊ नये, हा खरा प्रश्न. येथे दोन चुकांची तुलना करावी लागते. परके अंडे ठेवले तर काही अन्न वाया जाते, आणि आपल्याकडे कोकिळेचे पिल्लू कावळ्याची पिल्ले सहसा ढकलून देत नाही, त्यामुळे त्यातील काही वाचतातही. उलट ओळखण्यात चूक होऊन स्वतःचेच अंडे फेकले, तर नुकसान पूर्ण आहे. ज्या भागात फार थोड्या घरट्यांत कोकिळेचे अंडे असते, तेथे अति चिकित्सक कावळ्याचे नुकसान भोळ्या कावळ्यापेक्षा जास्त होऊ शकते. दोन्ही पक्षी परस्परांच्या निवडीचे कारण बनलेले आहेत, आणि ही चढाओढ अजून चालू आहे. विद्यार्थ्यांना शिकवताना कावळा फसला, हे जरूर सांगावे, पण तो मूर्ख आहे असे सांगू नये.

प्रश्न : चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांजवळचे सरडे माणसाला कमी भितात, असे वाचले. ही उत्क्रांती मानायची का? आमच्या महाविद्यालयातर्फे आम्हाला स्वतः काही नोंदी घ्यायच्या आहेत.
— जीवशास्त्राचा एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : तुम्ही वाचले ते काम मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केले, आणि आपल्या जिल्ह्यातील एका पठाराने जगाच्या विज्ञानात घातलेली ही मोलाची भर आहे. पवनचक्क्या असलेल्या जागी कापशी आणि तिसा यांच्यासारख्या शिकारी पक्ष्यांचे प्रमाण चक्क्या नसलेल्या जागांच्या मानाने जवळजवळ चौपट कमी होते. शिकारी घटले म्हणून तेथे सरड्यांची दाटी वाढली होती. हा सरडा म्हणजे गळ्याखाली निळा, काळा आणि नारिंगी पंखा उघडणारा, २०१६ मध्ये स्वतंत्र जात म्हणून वर्णिलेला सारडा सुपर्बा. चक्क्यांजवळच्या सरड्यांच्या रक्तात ताणाचे संप्रेरक कमी आढळले आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. पण गर्दीची किंमतही दिसली : त्यांची शरीरे तुलनेने रोड होती आणि नरांचे रंग फिके होते.

पळण्याचा निर्णय हाच मुळी हिशेबाचा आहे, हे रॉन यडेनबर्ग आणि लॉरेन्स डिल यांनी १९८६ मध्ये मांडले. शत्रू दिसताक्षणी पळणारा सरडा वाचतो, पण त्याचे खाणे, ऊन घेणे आणि मादीपुढचे प्रदर्शन अर्धवट राहते. धोका जितका कमी, तितके थांबणे परवडते. चक्क्यांजवळ धोका कमी झाला आणि थांबणे वाढले, इतके या निरीक्षणातून स्पष्ट दिसते.

मात्र हा बदल कोणत्या मार्गाने झाला, ते यावरून ठरत नाही. एक शक्यता अशी की प्रत्येक सरडा आपल्या आयुष्यात शिकतो. ज्याच्यावर घार कधी झेपावलीच नाही, तो खटावच्या पाखरांप्रमाणे सरावतो. दुसरी शक्यता अशी की भित्र्या सरड्यांचा पूर्वीचा फायदा संपल्यामुळे कमी भिणाऱ्यांची प्रजा वाढली आणि वारसाच बदलत चालला. या दोन्ही गोष्टी एकत्रही घडू शकतात. त्या वेगळ्या करण्याचा मार्ग म्हणजे पहिल्या उत्तरातील पतंगांचा प्रयोग : दोन्ही जागांची अंडी एकाच ठिकाणी उबवायची, पिल्लांना सारखेच वाढवायचे आणि मग मोजायचे. फरक उरला तर वारसा, मिटला तर अनुभव. तोपर्यंत उत्क्रांती हा शब्द वापरण्याची घाई करू नये. बदल दिसला की त्याला लगेच उत्क्रांती म्हणण्याची सवय शाळेपासून लागते, आणि तिच्यामुळे सर्वांत रंजक प्रश्नच विचारायचा राहून जातो.

अंडी गोळा करणे किंवा सरडे पकडणे तुम्ही करू नये. त्यासाठी परवानग्या आणि अनुभवी मार्गदर्शन लागते. पण पळण्याचे अंतर मोजायला मोजपट्टी, वही आणि धीर इतकेच पुरे आहे. सरडा दिसला की एकाच व्यक्तीने, सारख्या रंगाचे कपडे घालून, सारख्या वेगाने त्याच्याकडे सरळ चालत जावे आणि तो पळाला त्या क्षणी स्वतःच्या पायापासून त्याच्या मूळ जागेपर्यंतचे अंतर मोजावे. चालायला सुरुवात किती लांबून केली तेही लिहावे, कारण लांबून निघाल्यास अंतर वाढलेले दिसू शकते. प्रत्येक नोंदीत वेळ आणि खडकाचे तापमान घ्यावे. सकाळच्या गारठ्यात सरड्याचे स्नायू मंद असतात आणि त्याचे पळणे दुपारच्या पळण्याशी ताडून पाहता येत नाही. नर की मादी, जवळात जवळची चक्की किती अंतरावर आणि आकाशात त्या वेळी शिकारी पक्षी होता की नाही, हे रकाने विसरू नयेत. एका सरड्याची नोंद एकदाच व्हावी म्हणून रोज पठाराच्या वेगळ्या पट्ट्यात चालावे. मार्चपासून पावसाआधीपर्यंत नर उंच दगडावर चढून पंखा उघडतात आणि सहज दिसतात, म्हणून काम याच महिन्यांत करावे. मादी मात्र गवतात दडते, तिच्यासाठी दुप्पट वेळ राखून ठेवावा.